पगार की पुढची वाट? लांबलेल्या नोकरीशोधातील एक हिशेब

भोसरी, चाकण आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत बायोडाटाची फाइल घेऊन फिरणाऱ्या यंत्र अभियांत्रिकीच्या नव्या पदवीधराची कहाणी साधारणपणे सारखीच असते. पदवी हाती येऊन दहा-अकरा महिने लोटलेले असतात. पुण्यातील कॉट बेसिसवरील खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे गावाहून येत असतात. डिझाइन विभागातच काम करायचे या निश्चयाने कॅटियाचा किंवा सॉलिडवर्क्सचा महागडा वर्गही लावून झालेला असतो. महिनोन्महिने कोठूनच उत्तर येत नाही आणि मग एखाद्या आठवड्यात एकाच वेळी दोन बोलावणी येतात. समजा, त्यातील एक खराडीच्या कॉल सेंटरचे आहे. दरमहा हातात २८ हजार रुपये, रात्रपाळी, ने-आण करायला गाडी. दुसरे भोसरीतील पंचवीस-तीस कामगारांच्या टूलरूमचे आहे. प्रेस टूल आणि फिक्स्चर यांची रेखाचित्रे तयार करण्याचे काम, आठवड्याचे सहा दिवस आणि हातात १५ हजार. दोन्हीकडे उत्तर परवापर्यंत द्यायचे आहे.

घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो. 'मिळेल ती धर, बसून राहू नकोस. नंतर बदलता येईल.' मित्रांचा सल्ला नेमका उलटा असतो. 'एकदा कॉल सेंटरला गेलास की संपले.' दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. या पेचाकडे बहुधा पैसा विरुद्ध स्वप्न अशा नजरेने पाहिले जाते आणि मग निर्णय स्वभावावर सोपवला जातो. धाडसी असेल तो स्वप्नाकडे जाईल, सावध असेल तो पैशाकडे. प्रत्यक्षात हा प्रश्न स्वभावाचा कमी आणि वेळेचा अधिक आहे. आणखी किती महिने तग धरता येईल आणि हाती आलेल्या कामातून इच्छित कामाकडे परत येण्याची वाट उघडी राहते का, या दोन गोष्टींची उत्तरे मिळाली की पगाराचा आकडा आपल्या योग्य जागी येऊन बसतो.

ही ओढाताण काही थोड्या तरुणांची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगारविषयक अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. शिकलेल्याला काम मिळत नाही आणि न शिकलेल्याला मिळते, असा याचा सरळ अर्थ नव्हे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला बेरोजगार राहणेच परवडत नाही. पदवीधराच्या पाठीशी निदान काही महिने थांबण्याइतके बळ असते आणि शिक्षणावर खर्च झालेला असल्याने हलके काम घेण्यास मनही धजत नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालातील आकडे याच दिशेने बोलतात. पंचविशीच्या आतील पदवीधरांत सुमारे ४२ टक्क्यांवर असलेली बेरोजगारी पस्तिशीनंतर पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे बहुतेकांना अखेरीस काम मिळते. ते कोणते आणि कशाचा त्याग करून मिळते, हे मात्र त्या टक्केवारीत दिसत नाही.

नोकरीच्या शोधाचा अर्थशास्त्रीय अभ्यास जुना आहे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६२ मध्ये श्रमबाजारातील माहितीच्या तुटवड्यावर लेख लिहिला आणि १९७० मध्ये जॉन मॅकॉल यांनी त्यावरून शोधाचे एक प्रारूप मांडले. पुढे याच विषयाचा विस्तार करणाऱ्या डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस या त्रयीला २०१० चे नोबेल मिळाले. मॅकॉल यांच्या मांडणीचा गाभा सोपा आहे. शोध घेणारा मनाशी एक किमान रक्कम ठरवतो. तिच्या खालचा प्रस्ताव नाकारतो आणि तिच्या वरचा पहिला प्रस्ताव स्वीकारतो. ही रक्कम हवेतून येत नाही. थांबल्यास यापेक्षा चांगले मिळण्याची शक्यता किती आणि थांबण्याचा दरमहा खर्च किती, यांवर ती ठरते. मुलीच्या लग्नासाठी स्थळे पाहणाऱ्या किंवा घराचा सौदा करणाऱ्या कोणालाही हे तत्त्व शिकवावे लागत नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र ती किमान रक्कम कागदावर क्वचितच मांडली जाते. ती कॉलेजात ऐकलेल्या 'पॅकेज'वरून किंवा वर्गमित्राच्या पगारावरून ठरते, आणि येथेच गफलत होते.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील बेरोजगारांना २००९-१० मध्ये आठवड्यामागून आठवडे प्रश्न विचारून ॲलन क्रूगर आणि आंद्रेआस म्युलर यांनी एक अभ्यास केला. त्यांना आढळले, की बहुतेकांची अपेक्षा सुरुवातीलाच जास्त असते आणि शोध लांबत गेला तरी ती फार सावकाश खाली येते. याच्या जोडीला आणखी एक निष्कर्ष ठेवायला हवा. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतील शंभर शहरांत सुमारे ३ हजार जागांसाठी सुमारे १२ हजार काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. रिकाम्या महिन्यांची संख्या जशी वाढे, तसे मुलाखतीला बोलावण्याचे प्रमाण घटे, आणि ही घट पहिल्या आठ महिन्यांत सर्वाधिक होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आधार घेतला, तर घरच्यांचा सल्ला बरोबर ठरतो.

पण २०१७ मध्ये नन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या पदवीधरांच्या बाबतीत तसाच प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. रिकाम्या काळाचा परिणाम त्यांना जाणवला नाही. परंतु पदवीची गरजच नसलेल्या कामात शिरलेल्यांना मुलाखतीची बोलावणी योग्य काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी आली. म्हणजे मित्रांचा सल्लाही निराधार नव्हता. हे दोन्ही प्रयोग अमेरिकेतील आहेत आणि आपल्याकडील मनुष्यबळ अधिकारी 'गॅप' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात तो पाहता, येथे रिकामा काळ कोणी सहज माफ करील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चुकीची नोकरी ही रिकाम्या जागेपेक्षा आपोआप बरी ठरत नाही.

सुरुवातीच्या कमी पगाराची छाया किती काळ राहते, यावरही काम झाले आहे. मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कॅनडातील विद्यार्थ्यांची कमाई प्रारंभी सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिली आणि ती तूट भरून निघायला जवळपास दहा वर्षे गेली, असे ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइस यांना आढळले. तूट भरून निघाली ती एकाच ठिकाणी बसून नव्हे, तर हळूहळू चांगल्या कंपन्यांकडे सरकत गेल्याने. ज्यांना असे सरकता आले नाही, त्यांचे नुकसान कायमचे झाले. आपल्याकडे तर नव्या ठिकाणचा पगार ठरवताना मागील पगाराची पावती मागण्याची आणि तिच्यावर ठरावीक टक्के वाढ देण्याची प्रथा घट्ट रुजलेली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये आणि पाठोपाठ अन्य काही राज्यांनी मागील पगार विचारण्यास मनाई करणारे कायदे केले. आपल्या उमेदवाराला ते संरक्षण नाही. म्हणून टूलरूमचे १५ हजार हे केवळ यंदाचे १५ हजार नसतात. पुढील मुलाखतीतही ते समोर येऊन उभे राहतात.

येथवर आकडा 'हातात' किती, असे धरले. पण प्रस्तावावर बहुधा वेगळाच आकडा लिहिलेला असतो. वार्षिक ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हणजे महिना ३० हजार, असे घरी सांगितले जाते. मूळ वेतन १५ हजार धरले, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा १,८०० रुपये, उपदानापोटी सुमारे ७२० रुपये आणि विम्याचे समजा ५०० रुपये त्यातच मोजलेले असतात. दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल, तर आणखी ३ हजार वर्षअखेरीपर्यंत लांबतात. उरलेल्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीतील वाटा १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले, की हातात येतात जेमतेम २२ हजार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन लहान दाखवून भत्ते फुगवण्याच्या युक्तीला त्यामुळे आळा बसतो. पण पॅकेजचा मोठा आकडा पाहून दोन प्रस्तावांची तुलना करण्याची चूक मात्र त्याने टळत नाही. तुलना करायची ती बँकेत जमा होणाऱ्या रकमांची.

आता सुरुवातीच्या तरुणाचा हिशेब मांडून पाहू. त्याच्यावर ५ लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे आणि व्याजदर १० टक्के आहे असे धरू. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत असते. म्हणजे अकराव्या महिन्यात उभ्या असलेल्या या तरुणाचा हप्ता आता दारात आला आहे. दहा वर्षांच्या मुदतीत तो दरमहा सुमारे ६,६०० रुपये होतो. कॉटचे भाडे साडेचार हजार, मेस साडेतीन हजार, बसचा प्रवास एक हजार आणि फोन, औषध, कपडे मिळून दोन हजार, असा ११ हजारांचा खर्च त्याला आहे. कॉल सेंटरच्या २८ हजारांतून हे सारे जाऊन १० हजार ४०० रुपये उरतात. टूलरूमच्या १५ हजारांत मात्र महिन्याला २,६०० रुपयांचा खड्डा पडतो.

या हिशेबातून दोन वेगळ्या किमती निघतात आणि त्या एकमेकींत मिसळू देता कामा नये. दोन नोकऱ्यांतील फरक १३ हजारांचा, म्हणजे दीड वर्षात २ लाख ३४ हजारांचा आहे. ही ध्येयापोटी सोडलेली कमाई. पण घरून प्रत्यक्षात लागणारी मदत महिन्याला २,६०० रुपये, म्हणजे दीड वर्षात ४६ हजार ८०० रुपये आहे. पहिल्या रकमेने पोटात गोळा येतो, परंतु निर्णय शक्य आहे की नाही हे दुसरी रक्कम ठरवते. ती देणे घराला झेपत असेल, तर टूलरूमचा विचार करता येतो. धाकट्या बहिणीची फी किंवा वडिलांचे औषध त्याच पैशांवर असेल, तर विचार तेथेच थांबतो आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मधला मार्गही असतो. बँकेने हप्त्याची मुदत पंधरा वर्षे करून दिली, तर हप्ता सुमारे ५,४०० रुपयांवर येतो आणि खड्डा निम्म्यावर येतो. त्यासाठी एकूण व्याज सुमारे पावणेदोन लाखांनी अधिक भरावे लागेल. पगार वाढल्यावर मुदतीपूर्वी परतफेड करून हे ओझे हलके करता येते. हप्ता थकण्यापूर्वी शाखेत जाऊन बोलणे हे थकल्यानंतर बोलण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. एकदा हप्ते चुकले की पतनोंद बिघडते.

वाट उघडी राहण्याचा मुद्दा पैशाच्या हिशेबाइतका सरळ नाही, कारण तो प्रस्तावपत्राच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. पगारासाठी पत्करलेल्या नोकरीतून परतायचे, तर मुलाखतींना जायला वेळ आणि सोडायला मोकळीक हवी. अनेक मोठ्या कंपन्यांत राजीनाम्यानंतर ९० दिवस थांबण्याची अट असते. डिझाइनच्या छोट्या कचेऱ्यांना मात्र माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. तीन महिने वाट पाहण्याऐवजी ते दुसरा उमेदवार घेतात. त्यामुळे २८ हजारांच्या नोकरीला ९० दिवसांची अट असेल, तर परतीचा रस्ता कागदावर असूनही बंद असतो. रात्रपाळीचेही तसेच. दिवस मोकळा मिळेल, त्यात सराव करू, असा मनसुबा पहिल्या महिन्यात पक्का असतो. पहाटे पाचला खोलीवर परतून दुपारी दोनला उठणाऱ्या माणसाच्या हातून तो किती दिवस पाळला जातो, हे अशा खोल्यांत राहिलेल्यांनाच विचारावे. उलट, छोट्या टूलरूमचे सहा दिवस आणि दहा-दहा तास हेही शोधासाठी वेळ ठेवत नाहीत. पण तेथे केलेले कामच पुढील मुलाखतीत उपयोगी पडते, हा मोठा फरक आहे.

बंधपत्राची बाब त्याहून नाजूक आहे. दोन-तीन वर्षे सोडणार नाही आणि सोडल्यास अमुक रक्कम भरीन, अशा कागदावर सही घेण्याची पद्धत सर्रास आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे असे कागद निरर्थकच असतात, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती धोक्याची आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक खासगी कारखान्याचा बंध त्यामुळे आपोआप वैध झाला असे नव्हे. रक्कम आणि परिस्थिती पाहिली जातेच. पण सही करताना 'कोर्टात टिकत नाही' या ऐकीव वाक्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या मालकाकडे मात्र पगार कितीही असला तरी दोनदा विचार करावा.

आवडली नाही तर ती नोकरी बायोडाटातून गाळून टाकू, ही पळवाटही आता अरुंद झाली आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून प्रत्येकाला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो आणि कोणत्या आस्थापनेत केव्हापासून केव्हापर्यंत होतो, याची नोंद त्यावर राहते. नंतरची कंपनी पडताळणीत ती पाहू शकते. सहा महिन्यांची कॉल सेंटरची नोकरी सरळ सांगितली, तर तिचे स्पष्टीकरण देता येते. लपवली आणि सापडली, तर मिळालेले नियुक्तीपत्रही परत घेतले जाते.

मुलींच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक घड्याळ असते आणि ते बँकेचे नसते. 'वर्षभरात नोकरी नाही लागली तर स्थळे पाहायला सुरुवात करू', ही मुदत अनेक घरांत न बोलता ठरलेली असते. अशा उमेदवारासाठी कमी आवडीची पण तत्काळ रुजू होता येईल अशी नोकरी हा तडजोडीचा नव्हे, तर वेळ विकत घेण्याचा मार्ग ठरू शकतो. वसतिगृहाचा खर्च स्वतः उचलणाऱ्या मुलीला पुढचा निर्णय घेण्यासाठी जी मोकळीक मिळते, तिची किंमत पगारपत्रकात लिहिलेली नसते. येथे ध्येयासाठी थांबण्याचा सल्ला सरसकट देणारे लोक ही बाजू विसरतात.

नियुक्तीपत्र हातात घेऊन वाट पाहणाऱ्यांचा प्रश्न निराळाच. २०२२ च्या तुकडीतील अनेक अभियंत्यांना माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्यांनी निवडले, पण रुजू करून घेण्यास वर्ष-दीड वर्ष लावले. निवड झाली म्हणून त्यांनी शोध थांबवला होता आणि ज्या प्रारंभिक पगारासाठी थांबले, तो या क्षेत्रात दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलेला होता. रुजू होण्याची तारीख नसलेले पत्र म्हणजे नोकरी नव्हे, हे त्या तुकडीला महागात पडून कळले.

आता राहिला परवापर्यंत द्यायच्या उत्तराचा प्रश्न. दोन दिवसांची मुदत ही बहुधा दबावाची मुदत असते. आठवडाभराचा अवधी विनयाने मागितला, तर छोटा कारखानदार सहसा नाही म्हणत नाही. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट मागता येते: पगार आज १५ हजारच असू द्या, पण सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन तो किती करणार, हे नियुक्तीपत्रात लिहून द्या. मालक आकडा लिहायला तयार झाला, तर दीड वर्षाचा वरचा हिशेब बदलतो. 'बघू, काम दाखव' एवढेच म्हणाला, तर १५ हजार हेच खरे धरावे. रेखाचित्रे स्वतः काढायची आहेत, की इतरांनी काढलेल्या कागदांच्या नोंदी ठेवायच्या आहेत, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. पदाचे नाव 'डिझाइन इंजिनिअर' असले म्हणजे काम डिझाइनचे असतेच असे नाही.

मिळालेल्या आठवड्यातील एक संध्याकाळ मात्र भोसरीला जाण्यासाठी ठेवायला हवी. टूलरूमची पाळी सुटते तेव्हा जवळच्या चहाच्या टपरीवर तेथली मुले थांबतात. पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो, निधी कापून खरोखर भरला जातो का, नव्या मुलाला संगणकावर किती दिवसांनी बसवतात, हे ती मोकळेपणाने सांगतात. आणि त्यांना विचारायचा मुख्य प्रश्न असा, की गेल्या तीन वर्षांत येथून सोडून गेलेले कोठे गेले? चाकणच्या मोठ्या कंपनीच्या टूल डिझाइन विभागात दोघे-तिघे गेले असतील, तर महिन्याचे २,६०० रुपये घरून मागण्याचे बळ तरुणाला येईल. सगळे शेजारच्याच गाळ्यात हजार रुपये जास्त घेऊन बसले असतील, तर खराडीच्या पत्रातील राजीनाम्याची अट पुन्हा एकदा नीट वाचायला घ्यावी.